बाळंतविडा, सरकारी किट आणि माझ्या वहीतला चुकलेला तक्ता

मागे 'पुरावा म्हणजे काय' यावर लिहिलं तेव्हा एकीने विचारलं होतं, "ताई, पेटसाठी रिसर्च मेथडॉलॉजी पाठ होते, पण खरा प्रश्न समोर आला की सुचत नाही. असं का?" आज एक खरा प्रश्न घेऊ. माझंच उत्तर आधी कसं चुकलं, तेही सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण यंदा आमच्याकडे, डोंगरकड्याला होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. गाव माहीत नसेल त्यांच्यासाठी: नांदेड-हिंगोली रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, केळीच्या बागांचं गाव. छोटा बाजार अर्धापूरला, मोठा नांदेडला. आमचीही थोडी केळी आहे. केळीचा भाव कधी कुठे जातो ते केळीवाल्याला विचारावं. यंदा तो खालीच होता.

सातवा महिना लागला आणि घरात तीन याद्या फिरायला लागल्या. एक आईची, तोंडी: झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, पाळणा, घुटीची सहाण, चांदीचं बोंडलं, राईची उशी. म्हणजे बाळंतविडा. दुसरी जावईबापूंच्या मोबाईलमधली: बसायचा वॉकर, बाटल्या उकळायचं यंत्र, ओले वाइप्स, गळ्यात अडकवायची पिशवी, असं बरंच. तिसरी यादी सरकारची, महाराष्ट्राच्या बेबी केअर किट योजनेची.

पैसे किती? मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी तेच धरलं होतं. पण ते दोन हप्त्यांत येतात. पहिले ३,००० गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर. उरलेले २,००० जन्मनोंद होऊन बाळाच्या लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर, म्हणजे बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. खरेदी तर त्याआधीच करावी लागते. पहिला हप्ता सोनोग्राफी आणि गाडीभाड्यात केव्हाच गेला होता. बाबा उसने घ्यायला निघाले, कारण बाळंतविडा हा व्याह्यांपुढे ठेवायचा असतो. मी म्हटलं, ३,००० मध्ये बसवू. तर म्हणाले, "तू एवढी पीएचडी करायलीस, मंग सांग की काय घ्यायचं अन् काय नाही."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बाळाला काय लागतंय? आईचं दूध अन् जुनं धडुतं."

तेव्हा मी वहीत तीन रकाने आखले: वस्तू, किंमत, पुरावा. ज्याला पुरावा नाही ते कटाप. तुम्हीही असंच केलं असतंत, नाही का?

सरकारी यादीपासून सुरुवात करू. ती लिखित आहे, सगळ्यांच्या पैशांतून आली आहे, आणि तिच्यावर बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकीचं बोलतात.

योजना २०१९ ची. सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला साधारण २,००० रुपयांच्या वस्तूंची पिशवी. त्यात बाळाचे कपडे, छोटी गादी, टॉवेल, प्लॅस्टिकचे डायपर, मालिशचं तेल, थर्मामीटर, मच्छरदाणी, ब्लँकेट, शॅम्पू, अंग धुण्याचं लिक्विड, नेलकटर, हातमोजे-पायमोजे, सॅनिटायझर, खेळणी वगैरे. कल्पना नवी नाही. तामिळनाडूत २०१५ पासून अशी पिशवी होती, तेलंगणात २०१७ पासून. आणि या सगळ्यांची आजी म्हणजे फिनलंडची पेटी.

योजनेची बाजू घेणारे फिनलंडचंच नाव घेतात. "१९३८ मध्ये त्यांनी गरीब बायकांना पेटी द्यायला सुरुवात केली आणि बालमृत्यू बघा किती उतरले." उतरले हे खरं. पण पेटीमुळे? १९४९ पासून ती सगळ्यांना मिळू लागली, पण अट अशी की चौथा महिना संपायच्या आत डॉक्टरकडे किंवा केंद्रात तपासणी करून घ्यायची. त्याच काळात गावोगावी माता-बाल केंद्रं उभी राहत होती, सुइणी नेमल्या जात होत्या, औषधं बदलत होती, युद्धानंतर सगळा देशच बदलत होता. एवढ्या गोष्टी एकाच वेळी घडत असताना पुठ्ठ्याच्या पेटीला श्रेय द्यायचं कसं? परीक्षेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. उत्तरपत्रिकेत व्याख्या लिहिणं सोपं, पण बातमी वाचताना तोच प्रश्न आठवला पाहिजे.

स्कॉटलंडने ऑगस्ट २०१७ मध्ये अशी पेटी सुरू केली आणि तिथल्या संशोधकांनी ती खरोखर मोजली. सगळ्यांनाच पेटी मिळत असल्याने तुलनेला गट उरत नाही, म्हणून त्यांनी योजनेआधीची रेघ आणि नंतरची रेघ अशी ताडून पाहिली. बाळं किंवा आया दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण बदललं नाही. घरातल्या तंबाखूच्या धुराचा संपर्क थोडा कमी झाला, कमी वयाच्या आयांमध्ये स्तनपान थोडं वाढलं. एवढंच. तेही पेटीतल्या कपड्यांमुळे, की पेटीबरोबर होणाऱ्या बोलण्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही.

आता दुसरी बाजू: "पुराव्याविना वाटप आहे, मतांसाठी आहे." हेही घाईचं. कारण पिशवीचा हेतू काय, हे आधी विचारायला हवं. झांबियाच्या खेड्यांत सुमारे चार डॉलरची पिशवी, म्हणजे एक कापड, बाळाचं ब्लँकेट, लंगोट एवढंच, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना देऊन पाहिली. काही केंद्रांत दिली, काहींत नाही, आणि ती चिठ्ठ्या टाकून ठरवली. जिथे दिली तिथे दवाखान्यातली बाळंतपणं स्पष्ट वाढली. म्हणजे पिशवीने बाळाला काय केलं हा एक प्रश्न, पिशवीने आईला दवाखान्यापर्यंत आणलं का हा दुसरा, आणि पिशवी मिळाल्याने घराचे पैसे वाचले का हा तिसरा. आपली योजना यातलं कोणतं काम करते? बाईला दवाखान्यात आणणं हे असेल, तर महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के जन्म दवाखान्यांतच होत होते. तिथे आमिषाला फारशी जागाच उरत नाही. घराचे पैसे वाचवणं हे असेल, तर मात्र योजनेची परीक्षा वेगळी घ्यावी लागेल. त्या परीक्षेत ती एका साध्या कारणाने कमी पडते. ते कारण मला घरात कळलं, कागदावर नाही. त्याकडे येतेच.

तर माझा तक्ता.

काही गोष्टी पटकन उडाल्या. राईची उशी: डोकं गोल होतं म्हणतात, पण लहान बाळाच्या डोक्याखाली कुठलीच उशी नको, पाठीवर सपाट जागी झोपवायचं, हा सल्ला जगभर सारखाच आहे. डोकं एका बाजूला चपटं वाटलं तर जागेपणी पोटावर थोडं खेळवावं, निजवताना बाजू बदलावी. बसायचा वॉकर: कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, कारण त्यात बसलेली मुलं जिन्यावरून पडत होती, आणि चालणं त्याने लवकर येत नाही. दुधाची बाटली: आपल्याकडे १९९२ च्या कायद्याखाली तिची जाहिरातही करता येत नाही. यावरून काय ते समजा. दूध काढून पाजायची वेळ आली तर वाटी-चमचा आहे. बोंडलंही चालतं, चांदीचंच हवं असं नाही. काजळ: त्यात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यात नाही. आजीने टाळूमागे तीट लावली तर मी भांडत नाही.

पावडरवर घरात थोडी चर्चा झाली, कारण बातमी सगळ्यांनी ऐकलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या एफडीएने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा पावडरचा परवाना रद्द केला होता आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला ठेवला. गावात सगळे म्हणत, "कॅन्सरची पावडर." पण इथल्या प्रकरणात नमुन्याचा सामू, म्हणजे पीएच, मानकात बसतो का, हा वाद होता. कॅन्सरचे खटले अमेरिकेतले, ती वेगळी गोष्ट. कुणी काय मोजलं हे न वाचता मत बनवलं की असं होतं. पावडर आम्ही तरीही घेतली नाही, कारण बाळाला तिची गरजच नाही आणि बारीक भुकटी श्वासात जाते.

तेलावर मात्र मी बराच वेळ घालवला. उत्तर प्रदेशात एक मोठी चाचणी झाली होती. तिथे घरोघर मोहरीच्या तेलाने जोरात चोळतात. काही गावांत सूर्यफुलाचं तेल देऊन हळुवार लावायला सांगितलं, बाकीच्या गावांत नेहमीचं चालू ठेवलं. सगळी बाळं मिळून पाहिली तर नवजात मृत्यूत फरक दिसला नाही. पण दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या मूठभर बाळांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. आता तुम्ही हे कसं मांडाल? "तेलाने मृत्यू निम्मे झाले" असं लिहिणारे भेटतील, "तेलाचा उपयोग नाही" असं लिहिणारेही भेटतील. दोघांनी एकच पेपर वाचलेला असेल. प्रामाणिक वाक्य लांबलचक आहे: एकूण फरक नाही, अतिशय कमी वजनाच्या छोट्या गटात आशा दिसते, ती पुन्हा तपासायला हवी. अशी लांब वाक्यं लिहायची सवय आत्तापासून लावून घ्या. आमच्या घरापुरतं उत्तर असं निघालं की घरात येतं तेच खोबरेल पुरे, 'बेबी ऑइल'ची वेगळी बाटली नको, आणि चोळायचं हळू.

बेंबीचं औषध हेही असंच. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात बेंबीला क्लोरहेक्सिडिन लावल्याने मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २००६ चा. मग झांबिया आणि टांझानियाच्या पेम्बा बेटावर तेच औषध तपासलं, २०१६ मध्ये निकाल आले, तर मृत्यूत फरक नाही. औषध तेच. पण सर्लाहीत बहुतेक बाळंतपणं घरी होत होती. जागा बदलली की उत्तर बदलतं. आमचं बाळंतपण दवाखान्यात होणार होतं, तर बेंबी कोरडी आणि उघडी ठेवायची, तिला काही लावायचं नाही. खर्च शून्य.

शॅम्पू, लिक्विड, सॅनिटायझर यांच्याऐवजी मी एक शब्द लिहिला: साबण. तोही बाळापेक्षा बाळाला घेणाऱ्यांच्या हातांसाठी जास्त. थर्मामीटर ठेवला. नवजात बाळ गरम लागलं तशी थंड लागलं तरी काळजीची गोष्ट असते, आणि हाताला ते नक्की कळत नाही. मच्छरदाणीवर अडले. मृत्यू कमी झाल्याचा भक्कम पुरावा आहे तो औषध लावलेल्या मोठ्या जाळ्यांचा, आफ्रिकेतल्या मलेरियाच्या भागांतला. ही छत्रीसारखी उघडणारी छोटी जाळी म्हणजे ती नव्हे. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, बाळही दिवसा झोपतं, आणि आमच्या मागे केळी, पाणी, डास सगळं आहे. जाळी ठेवली. इथे पुराव्याने नाही, तर्काने ठरवलं. तसं वहीत लिहूनही ठेवलं.

डायपर कटाप. हिशोब सोपा होता. दिवसाला सात धरले, एक नऊ रुपयांना, महिन्याला १,८९०. लंगोट जुन्या सुती साडीचे, फुकट. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, "फरक नाही." तक्ता पूर्ण झाला. एकूण २,१०० रुपये. बाबांना दाखवला तेव्हा मला थोडा गर्वच झाला होता, खोटं कशाला बोला.

जानेवारीत भाची झाली. वजन २ किलो १५० ग्रॅम. अडीच किलोपेक्षा कमी, पण दूध ओढत होती, म्हणून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिथल्या सिस्टरांनी बहिणीला सांगितलं, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायचं, जितका वेळ जमेल तितका.

हे मी वाचलेलं होतं. हरियाणातली चाचणी, २०१९ मध्ये छापून आलेली, ८,४०२ बाळं, वजन दीड ते सव्वादोन किलो. म्हणजे आमची भाची अगदी त्यातच बसणारी. ज्या घरांत आईला छातीशी धरायला शिकवलं आणि मदत केली, तिथे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. लागणारी वस्तू? बाळ बांधायला एक कापड. माझ्या तक्त्यात ही वस्तूच नव्हती, कारण ती कुठल्याच यादीत नव्हती. तिन्ही याद्या विकत घ्यायच्या वस्तूंच्या. मीही यादीच्या बाहेर पाहिलं नाही.

पण त्याच पेपरातली एक ओळ मी वाचून पुढे गेले होते. त्या घरांतल्या आया दिवसाला सरासरी अकरा-बारा तास बाळ छातीशी धरत होत्या. अकरा-बारा तास! आता बाई बारा तास बाळाला धरून बसली तर उठून स्वयंपाक कोण करणार, आणि दिवसाचे वीस लंगोट कोण धुणार?

आईने धुतले. थंडीत, हौदाच्या पाण्याने, नळ एक दिवसाआड. दहाव्या दिवशी तिचं मनगट सुजलं. ती काही बोलली नाही. बहीणच म्हणाली, "ताई, तुझ्या वहीत आईचे हात कुठंयत?"

नव्हतेच. "लंगोट फुकट" हे वाक्य तेव्हाच खरं असतं, जेव्हा आईची मेहनत फुकट धरलेली असते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. बायकांच्या घरकामाची मोजदाद होत नाही यावर सेमिनारमध्ये तास तास बोलले आहे. आणि स्वतःच्या वहीत तेच केलं.

मग गडचिरोली पुन्हा वाचलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत केलेलं काम, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आरोग्यदूत बाईच्या पिशवीतही वस्तूच होत्या: थर्मामीटर, वजनकाटा, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, औषधं. पण त्या वस्तू कुणी घरी टाकून गेलं नव्हतं. शिकवलेली बाई त्या घेऊन पुन्हा पुन्हा घरी येत होती, जंतुसंसर्ग ओळखून उपचारही करत होती. तिथे उबदार पिशवी उपयोगी होती की बाईचं येणं, हा प्रश्नच चुकीचा आहे. वस्तू आणि ती वापरणारे हात मिळून एक उपचार होतो. झांबिया, स्कॉटलंड, हरियाणा सगळीकडे हेच आहे, पण मी 'वस्तू' नावाचा रकाना आखल्यामुळे मला फक्त वस्तू दिसल्या. हे लक्षात ठेवा: तक्त्याचे रकाने ठरले की उत्तरं अर्धी ठरलेलीच असतात.

मी चौथा रकाना आखला: हात कुणाचे, किती वेळ. सगळं पुन्हा मांडलं. डायपर परत आले, पण सगळा दिवस नाही. रात्री एक, महिन्याला २७० रुपये. बहिणीची झोप आणि आईचं मनगट या दोन्हींचा भाव २७० पेक्षा नक्की जास्त आहे. दिवसा लंगोट, आणि पिळायचं काम बाबांकडे. (पहिल्या दिवशी त्यांनी दाराला कडी लावून पिळले. दुसऱ्या दिवशी अंगणात.) प्लॅस्टिकची चटई, जी मी बिनपुराव्याची म्हणून उडवली होती, ती पहिल्यांदा घ्यायला हवी होती, कारण तिच्यामुळे दुपट्यांची अर्धी धुलाई वाचते. आयता उकळून वाळवलेला सुती लंगोटांचा जास्तीचा जोडही तसाच. पाळणा उडाला तो उडालाच. झोळी बांधली, तीही बाळ जागं असताना घटकाभर.

आता ते किटचं कारण. बहिणीला किट मिळालं. चांगलं होतं. पण तोवर थर्मामीटर आणि मच्छरदाणी आम्ही विकत घेऊन बसलो होतो. घरात दोन-दोन झाले, एक जोडी शेजारच्या सुनेला दिली. फिनलंडची पेटी बाळंतपणाच्या आधी घरी पोचते, त्यामुळे घरवाले ती पाहून उरलेलं घेतात. आपली पिशवी जन्मानंतर मिळते. गरिबाघरची खरेदी तोवर झालेली असते, आणि बहुधा उसन्या पैशांनी. घराचे पैसे वाचवणं हा योजनेचा हेतू असेल, तर २,००० रुपयांच्या पिशवीतून २,००० रुपये वाचत नाहीत. नोंदणीच्या दिवशी हातात यादी जरी दिली, की हे-हे मिळणार आहे, हे घेऊ नका, तरी एक पैसा न वाढवता पिशवीची किंमत वाढेल. या सूचनेवर माझा स्वतःचा आक्षेप असा की मी एका घरावरून बोलते आहे. कुणाला एम.ए.च्या प्रबंधाला विषय हवा असेल तर घ्या: कळमनुरी तालुक्यातल्या पन्नास घरांत विचारा, किट मिळायच्या आधी त्यातल्या कोणत्या वस्तू घेऊन झाल्या होत्या. प्रश्नावली एका पानाची होईल.

'फक्त पहिलं बाळ' ही अट मात्र मला आधी अन्यायाची वाटायची, आता तितकी वाटत नाही. पहिल्या वेळी घरात काहीच नसतं, हे खरं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, किट माहेरी येतं, आणि दुसऱ्या बाळाला ते सासरी सापडतंच असं नाही. शेजारच्या त्या सुनेकडे दोन वर्षांपूर्वीचं किट आहे. मी जाऊन पाहिलं. तेल संपलं, कपडे आखूड झाले, खेळणं तुटलं. पिशवी धड आहे. त्यात ती लसीकरणाचं कार्ड, आधार आणि जन्मदाखला ठेवते, दवाखान्यात जाताना तीच उचलते.

एक गोष्ट तक्त्यात बसवता आली नाही. बाबा ३,००० मध्ये तयार झाले होते, तरी बारशाच्या आदल्या दिवशी गप्प होते. व्याही येणार, आणि पुढ्यात काय ठेवायचं? जुनी दुपटी? मी म्हटलं, आपल्याकडे बाळाला पाचवीपर्यंत जुनंच घालतात की. ते म्हणाले, "ते बाळाला. लोकांना नाही." यावर कुठला पेपर काढून दाखवणार? बाळंतविड्यातली निम्मी किंमत बाळासाठी नसतेच. ती आपल्या लेकीला सासरी कुणी काही बोलू नये यासाठी असते, आणि तिचा परिणामही खरा असतो. मी तो मोजला नव्हता, म्हणून तो नाही असं होत नाही. शेवटी आईने नव्या खणाची एक कुंची शिवली, चांगली गोंडे लावून, आणि ताटात सगळ्यांत वर ठेवली. कापड १४० रुपये. शिवणारे हात आईचेच, हे मी आता लिहून ठेवते.

आशाताई ठरल्या दिवशी येऊन वजन करत होत्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसाव्या दिवशी काट्याने ३ किलो ४०० दाखवलं. एकूण खर्च २,९६० झाला, डायपर धरून. पांगुळगाडा मात्र बाबांनी सुताराला सांगून ठेवलाय. तो ढकलायचा असतो, बसायचा नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही.